शी पांढरी, उलटी हिरवी: लहान मुलांचं पोट आणि यकृत यांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दवाखान्यात आल्यावर बहुतेक घरं आकडे सांगतात: किती वेळा शी, किती उलट्या, किती दिवस. रंग विचारल्याशिवाय कुणी सांगत नाही. बाळाच्या पोटाच्या तक्रारींत मात्र आकड्यापेक्षा रंग आणि वजन जास्त बोलतात. खालची उत्तरं वाचताना ते ध्यानात असू द्या.

अंगावर पिणारं बाळ दिवसातून आठ वेळा पातळ शी करतं. जुलाब समजायचे का?

वजन वाढत असेल, बाळ खेळत असेल आणि शू भरपूर होत असेल तर नाही. अंगावरच्या दुधाची शी पातळ, मोहरीसारखी पिवळी आणि दाणेदार असते. पहिल्या महिन्यात जवळजवळ प्रत्येक दूध पिण्यानंतर ती होते. दूध पोटात गेलं की आतडं हलतं, एवढंच त्याचं कारण. जुलाब म्हणायचं ते बाळाची नेहमीची तऱ्हा अचानक बदलली तर: पाण्यासारखी, उग्र वासाची, आधीपेक्षा खूप जास्त वेळा.

आणि पाच दिवस शीच झाली नाही तर?

दीड-दोन महिन्यांनंतर, फक्त अंगावर पिणाऱ्या बाळाला आठवडाभर शी न होणंही चालतं. झाली तेव्हा मऊ असली म्हणजे झालं. विड्याच्या पानाचा देठ तेलात बुडवून किंवा साबणाची चकती गुदद्वारात घालण्याची पद्धत बंद करा. त्याने जखम होते आणि बाळ शी आणखी रोखायला शिकतं.

एक अपवाद पक्का लक्षात ठेवा. जन्मानंतरची पहिली काळी शी ४८ तासांत झाली नसेल, पोट गच्च फुगत असेल आणि तपासताना बोट लावल्यावर शी फवाऱ्यासारखी बाहेर येत असेल, तर आतड्याच्या शेवटच्या भागात मज्जापेशी नसण्याचा जन्मजात आजार असू शकतो. त्याला हर्शस्प्रंग म्हणतात आणि त्यावर शस्त्रक्रिया करावी लागते.

दूध पाजलं की बाळ गुळणी टाकतं. औषध हवं का?

बहुधा नाही. अन्ननलिकेच्या खालच्या टोकाची झडप अजून सैल असते, आहार सगळा पातळ आणि बाळ दिवसभर आडवं. गुळण्यांचं प्रमाण चार महिन्यांच्या आसपास सर्वांत जास्त असतं आणि वर्षापर्यंत बहुतेकांचं थांबतं. दोन वेळांतलं अंतर कमी करून थोडं थोडं पाजा, मध्ये ढेकर काढा, नंतर वीसेक मिनिटं खांद्यावर उभं धरा. झोपवायचं मात्र पाठीवरच. गुळण्या टाकतं म्हणून पालथं झोपवू नका. नुसत्या गुळण्यांसाठी ॲसिड कमी करणारी औषधं देऊन काही साधत नाही.

कोणत्या उलटीला थांबायचं नाही?

हिरव्या. पालकाच्या रसासारखी गडद हिरवी उलटी म्हणजे पित्त उलटं येतंय, आणि नवजात बाळात त्याचा अर्थ आतड्याला पीळ पडलाय असा धरूनच चालतात. पीळ पडलेल्या आतड्याचा रक्तपुरवठा काही तासांत तुटतो. रात्र आहे, सकाळी बघू, असं करू नका. लहान मुलांचे सर्जन आणि सोनोग्राफी जिथे आहेत अशाच ठिकाणी थेट जा.

दुसरी, तीन ते सहा आठवड्यांच्या बाळाची जोरदार, हातभर लांब उडणारी पांढरी उलटी. अशा उलटीनंतर बाळ लगेच पुन्हा भुकेलं असतं. जठराच्या खालच्या तोंडाचा स्नायू जाड झालेला असतो, मुलग्यांत हे जास्त दिसतं. छोट्या शस्त्रक्रियेने पूर्ण बरं होतं, पण आधी शरीरातलं क्षार आणि पाणी भरून काढावं लागतं.

रोज संध्याकाळी तासन्‌तास रडतं. हिंग, ग्राइप वॉटर, गुटी?

साधारण दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात सुरू होतं, सहाव्या आठवड्यात कळस गाठतं आणि तीन-चार महिन्यांत आपोआप थांबतं. या काळात जे काही दिलं जातं त्याला श्रेय मिळून जातं, ग्राइप वॉटरची कीर्ती बरीचशी तशीच. बेंबीभोवती हिंगाचा लेप त्वचा लाल होत नसेल तर निरुपद्रवी. गुटी नको: सहाणेवर किती उगाळलं जातं त्याला माप नसतं, आणि सहाण, पाणी, बोट या तिन्हींतून जंतू जातात. मध वर्षाआधी अजिबात नाही, त्यातल्या जंतूंच्या बीजाणूंपासून बाळाला लुळेपणा येऊ शकतो. पोटदुखीचे म्हणून दिले जाणारे डायसायक्लोमिनचे थेंब सहा महिन्यांखालच्या बाळाला चालत नाहीत, श्वास मंदावल्याची उदाहरणं आहेत. पोटावर चटके देणं हा तर उपचारच नव्हे.

बाळ पंधरा दिवसांचं झालं, कावीळ अजून आहे. ऊन दाखवतोय.

ऊन थांबवा आणि रक्त तपासा.

नेहमीची कावीळ दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी दिसते, पाचव्यापर्यंत वाढते आणि दोन आठवड्यांत उतरते. पहिल्या २४ तासांत दिसली तर ती कधीच नेहमीची नसते. पूर्ण दिवसांच्या बाळात १४ दिवसांपुढे आणि आधी जन्मलेल्या बाळात २१ दिवसांपुढे राहिली तर एकच गोष्ट ठरवायची असते: वाढलेलं बिलिरुबिन, म्हणजे कावीळ आणणारं पिवळं द्रव्य, कुठल्या प्रकारचं? म्हणून तपासणीच्या चिठ्ठीवर ‘टोटल आणि डायरेक्ट’ असं दोन्ही लिहिलेलं आहे का ते बघा. नुसतं टोटल करून आलेला रिपोर्ट या प्रश्नाला उपयोगाचा नाही.

डायरेक्ट कमी आणि बाळ टवटवीत असेल तर ती बहुधा अंगावरच्या दुधाची कावीळ. ती दोन-तीन महिने रेंगाळू शकते, दूध तोडायचं नाही. डायरेक्ट १ मिलिग्रॅमच्या वर असेल तर पित्त यकृतातून बाहेर पडत नाहीये, आणि इथून पुढे दिवस मोजायचे.

उन्हाबद्दल: दवाखान्यातल्या निळ्या दिव्याची तरंगलांबी आणि ताकद ठरलेली असते, त्वचेत किती प्रकाश गेला ते मोजता येतं. खिडकीतल्या कोवळ्या उन्हाचं यातलं काहीच मोजता येत नाही. डायरेक्ट काविळीला तर दिव्याचाही उपयोग नाही.

दिवस मोजायचे म्हणजे नेमकं काय?

पित्तनलिका बुजत जाण्याचा एक आजार असतो, बिलिअरी अट्रेसिया. त्यावर जपानच्या मोरिओ कासाई यांनी १९५९ मध्ये मांडलेली शस्त्रक्रिया आजही तीच आहे: बुजलेल्या नलिका काढून आतड्याचा वळसा थेट यकृताच्या तळाशी जोडायचा. बाळ ६० दिवसांचं व्हायच्या आत झाली तर पित्त वाहू लागण्याची शक्यता चांगली, उशीर होईल तशी ती घटते. मग यकृत प्रत्यारोपणाखेरीज मार्ग उरत नाही.

फसवणारी गोष्ट ही, की हे बाळ पहिले काही आठवडे गुटगुटीत दिसतं. दूध पितं, हसतं, वजन घेतं. सगळे म्हणतात, कावीळ काय, उतरेल.

शी पांढरी आहे हे ओळखायचं कसं? आमच्याकडे कुणी म्हणतं फिकी, कुणी म्हणतं पिवळी.

लंगोट दिवसाउजेडी खिडकीशी न्या. पिवळी, हिरवी, तपकिरी या तिन्ही छटा ठीक. खडूसारखी, शाडूच्या मातीसारखी, पिठल्यातला हळदीचा रंग काढून घेतल्यासारखी, राखाडी शी म्हणजे पित्त पोहोचत नाही. एकदा दिसली तरी त्याच दिवशी दाखवा. ट्यूबलाइटखाली रंग फसतो, मोबाइलचा फ्लॅश तर हमखास फसवतो. जोडीला शू बघा: नवजात बाळाची शू जवळजवळ बिनरंगी असते, तिने लंगोटाला पिवळा डाग पडायला नको. तैवानमध्ये २००४ पासून प्रत्येक बाळाच्या आईला शीच्या रंगांचं छापील कार्ड मिळतं, त्यामुळे तिथे ही मुलं लवकर सापडू लागली. छपाईचा नगण्य खर्च आणि केवढा फायदा! आपल्याकडे प्रत्येक बाळंतिणीच्या हाती असं कार्ड का नसावं, हा प्रश्न योग्यच आहे.

जुलाब लागले. ओआरएस किती आणि कसा?

पुडीवर काय लिहिलंय ते आधी वाचा. मोठी पुडी १ लिटरची, छोटी २०० मिलिलिटरची. पुडी पूर्ण एकदम घाला. एका पेल्यात चिमूटभर, मग पुन्हा चिमूटभर, ही सर्वांत नेहमीची चूक. पुडीतली साखर आणि मीठ सारखं मिसळलेलं राहत नाही, एका चिमटीत मीठ जास्त येतं आणि दुसरीत नुसती साखर. पाणी कमी पडलं तर रक्तातलं सोडियम चढून झटके येऊ शकतात. १ लिटरच्या पुडीला पाण्याची लिटरची बाटली मापाला सोयीची. उकळून गार केलेलं पाणी घ्या, पुडी घातल्यावर उकळू नका, वरून साखर घालू नका. २४ तासांनी उरलेलं फेका.

दर पातळ शीनंतर दोन वर्षांखाली ५० ते १०० मिलिलिटर, त्यापुढे १०० ते २०० मिलिलिटर. डोळे खोल गेलेत, मूल अधाशासारखं पितंय, चिमटीत धरलेली कातडी हळू खाली जातेय अशी अवस्था असेल तर दवाखान्यात देखरेखीखाली दर किलोला ७५ मिलिलिटर, चार तासांत: ८ किलोच्या मुलाला ६०० मिलिलिटर.

ओआरएसने जुलाब थांबत नाहीत, म्हणून लोक सोडून देतात. तो थांबवायला नसतोच. आतड्यात ग्लुकोज आत शिरताना सोडियमला हाताशी धरून नेतं आणि मागून पाणी जातं. हे दार जुलाबातही उघडं राहतं. १९७१ च्या बांगलादेश युद्धातल्या निर्वासितांच्या लोंढ्यात, पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या छावणीत सलाइन संपल्यावर डॉ. दिलीप महालनबीस यांनी ड्रमांतून हेच पाणी वाटलं आणि कॉलऱ्याचे मृत्यू झपाट्याने खाली आले.

पुडी मिळेपर्यंत १ लिटर पाण्यात ६ सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. चव अश्रूंपेक्षा खारट लागली तर ओतून द्या, पुन्हा करा. नुसती ग्लुकोज पावडर, फळांचे खोक्यातले रस आणि शीतपेयं यांत साखर इतकी असते की ती आतड्यात उलट पाणी ओढते.

पण पाजलं की ओकतो.

पेला दूर ठेवा, चमचा घ्या. दर एक-दोन मिनिटांनी एक चमचा. ओकला तर दहा मिनिटं थांबा, मग आणखी सावकाश. तहानलेलं मूल पेला हिसकावून घटाघटा पितं आणि सगळं बाहेर काढतं, आईला वाटतं पाणीच पचत नाही.

आणखी काय द्यायचं?

झिंक, १४ दिवस: दोन ते सहा महिन्यांच्या बाळाला रोज १० मिलिग्रॅम, त्यापुढे २०. चौथ्या दिवशी जुलाब थांबले तरी उरलेले दिवस पूर्ण करायचे, पुढच्या दोन-तीन महिन्यांतले जुलाब त्याने कमी होतात. अंगावरचं दूध चालू, मऊ भात-वरण, केळं, ताक चालू. पोटाला विश्रांती म्हणून उपाशी ठेवू नका. लोपेरामाइडसारख्या जुलाब बांधणाऱ्या गोळ्या लहान मुलांना नकोत. अँटिबायोटिक रक्ताची आव किंवा कॉलरा असेल तरच, बाकी बहुतेक जुलाब विषाणूंचे. त्यातला मोठा वाटा रोटाव्हायरसचा, त्याची लस सरकारी वेळापत्रकात ६, १०, १४ आठवड्यांना मोफत आहे.

शीतून रक्त आलं.

कसं आलं यावर सगळं आहे.

कडक शीच्या वरून लाल रेघ: गुदद्वाराला चीर. बद्धकोष्ठता सुधारा.

दोन-तीन महिन्यांचं बाळ मजेत, शीत शेंब आणि रक्ताचे ठिपके: गाईच्या दुधातल्या प्रथिनांची ॲलर्जी असू शकते. आईने दूध, दही, पनीर, खवा दोन ते चार आठवडे बंद करून बघायचं आणि मग पुन्हा खाऊन खात्री करायची. ही दुसरी पायरी बहुतेक घरं गाळतात आणि आई विनाकारण वर्षभर दूध सोडते.

सहा महिने ते दीड वर्षाचं मूल दर पंधरा-वीस मिनिटांनी पाय पोटाशी घेऊन किंचाळतं, मध्ये गळून पडतं, मग रक्त आणि शेंब मिसळलेली लाल जेलीसारखी शी: एक आतडं दुसऱ्यात दुर्बिणीच्या नळीसारखं घुसलंय. वेळेत गेलात तर गुदद्वारातून हवा किंवा सलाइन सोडून ते बिनशस्त्रक्रिया सुटतं. लाल शीची वाट बघू नका, ती उशिरा येते.

शाळेच्या आसपासचं वय, दुखत नाही, शीच्या शेवटी रक्ताचे थेंब: बहुधा आतड्यातला साधा कोंब (पॉलिप). दुर्बिणीतून काढला की संपलं.

तीन वर्षांचा आहे, पडद्यामागे जाऊन टाचा उंचावून उभा राहतो, लाल होतो. कुंथतोय ना?

नाही, शी रोखतोय. एकदा खडा होऊन दुखलं, तेव्हापासून भीती बसली. रोखली की आतडं पाणी शोषत राहतं, खडा मोठा होतो, पुढच्या वेळी आणखी दुखतं. काही महिन्यांनी आतडं इतकं ताणतं की भरल्याची जाणीवच होत नाही, आणि खड्याच्या बाजूने पातळ शी झिरपून चड्डीला लागते. घरचे त्याला जुलाब समजतात किंवा आळस समजून ओरडतात. दोन्ही चुकीचं.

उपाय दोन टप्प्यांचा. आधी साठलेलं मोकळं करायचं: पॉलिएथिलीन ग्लायकॉलची पावडर, डॉक्टरांच्या देखरेखीखाली दर किलोला रोज १ ते दीड ग्रॅम, तीन ते सहा दिवस. मग रोज साधारण ०.४ ग्रॅम दर किलोला, किमान दोन महिने, आणि हळूहळू कमी. शी मऊ झाली म्हणून आठव्या दिवशी औषध बंद करणं हे परत येण्याचं पहिलं कारण. या औषधाची सवय लागत नाही, सवय खड्याची लागलेली असते.

जेवणानंतर पाच-दहा मिनिटं बसवा. कमोडवर पाय लोंबकळत असतील तर खाली पाट ठेवा, गुडघे कमरेच्या वर यायला हवेत. दूध दिवसाला अर्ध्या लिटरवर नको: पोट दुधानेच भरतं, भाजी-भाकरीला जागा राहत नाही.

बेंबीभोवती दुखतं म्हणतो. सोनोग्राफीत ‘गाठी’ निघाल्या.

पोटातल्या लसिका ग्रंथी निरोगी मुलांतही दिसतात. आडवी रुंदी ८ मिलिमीटरपर्यंत असेल तर रिपोर्टमधल्या त्या ओळीचा अर्थ ‘पोट लहान मुलाचं आहे’ एवढाच. तेवढ्यावरून टीबीची औषधं सुरू होत असतील तर दुसरं मत घ्या. दुखण्याने रात्री जाग येते, वजन घटतं, ताप रेंगाळतो, दुखणं बेंबीपासून दूर उजवीकडे खाली सरकलंय, उलट्या किंवा रक्त आहे: यांतलं काही असेल तर तपासण्या हव्यात.

रात्री दात खातो, जंत असतील?

दात खाण्याचा जंतांशी संबंध नाही. गुदद्वाराला रात्री खाज सुटते त्याचा मात्र आहे. त्यात घरातल्या सगळ्यांनी एकाच दिवशी औषध घ्यायचं, दोन आठवड्यांनी पुन्हा, आणि नखं कापायची. एरवी १० फेब्रुवारी आणि १० ऑगस्टला शाळा-अंगणवाडीत मिळणारी अल्बेंडाझोल पुरते: ४०० मिलिग्रॅम चावून, एक ते दोन वर्षांच्या बाळाला अर्धी गोळी चुरून.

गहू सोसत नाही अशी शंका आहे. बंद करून बघू?

तपासणीआधी बंद करू नका. सीलिॲक आजारात गव्हातल्या ग्लूटेनमुळे आतड्याचं अस्तर झिजतं, रक्ततपासणी ग्लूटेनमुळे रक्तात तयार होणाऱ्या प्रतिपिंडांच्या खुणा शोधते. गहू बंद केला की खुणा पुसट होतात आणि रिपोर्ट खोटा चांगला येतो. लक्षण नेहमी जुलाबच असतं असं नाही: उंची खुंटणं, लोहाने न सुधारणारा पंडुरोग, कधी चक्क बद्धकोष्ठता.

निदान झालं तर मराठी घराला बाकीच्यांपेक्षा सोपं: ज्वारी, बाजरी, नाचणी, तांदूळ, वरी, राजगिरा सगळं चालतं. अडचण येते ती दळणात. गिरणीत आधीच्या गिऱ्हाइकाचा गहू जात्यात उरतो आणि तुमच्या ज्वारीत उतरतो. घरगुती चक्की नसेल तर निवडक धान्य वेगळं दळणारी गिरणी शोधा. डब्यातला हिंग बघा, खड्याचा नसेल तर त्यात बहुधा गव्हाचं पीठ असतं. सातूचं पीठ, शेवया, रवा नाही. खपली पचायला हलकी म्हणून देऊ नका, खपली हा गहूच आहे.

आठ वर्षांच्या मुलाला कावीळ. पथ्य कोणतं, माळ बांधू का?

या वयात बहुतेक वेळा दूषित पाण्याची हिपॅटायटिस ए. जंतू पोटात गेल्यावर दोन ते सहा आठवड्यांनी दिसते आणि आपली आपण बरी होते. म्हणूनच तिच्यावर इतके उपाय ‘लागू पडतात’. माळ रोज लांब होते कारण ओल्या काड्या वाळून बारीक होतात आणि सैल गाठी सरकतात. खुंटीला टांगली तरी होईल. माळेने इजा नाही, नाकाडोळ्यांत घालायच्या रसाने होते.

पथ्य काही नाही. मळमळ आहे तोवर तळलेलं जात नाही, मग भूक लागली की घरचं सगळं. हळद बंद केल्याने डोळे पांढरे होत नाहीत. गाड्यावरचा उसाचा रस मात्र खरंच टाळा, त्यातल्या बर्फातूनच कावीळ आलेली असू शकते. पॅरासिटामॉल डॉक्टरांना विचारूनच.

धोका असा ओळखा: दिवसा झोपाळू आणि रात्री जागा, बडबड, चिडचिड, हिरड्यांतून रक्त, थांबत नाहीत अशा उलट्या. रिपोर्टात एसजीपीटी (यकृताच्या पेशींना इजा झाली की रक्तात वाढणारं द्रव्य) झरझर उतरतंय पण बिलिरुबिन आणि आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो त्याचं माप) चढतंय, तर ते सुधारणं नव्हे, यकृताच्या पेशी संपत चालल्यात. त्याच दिवशी यकृत प्रत्यारोपणाची सोय असलेल्या रुग्णालयाशी बोलायला हवं.

तांब्या-पितळेची भांडी पुन्हा आलीत. बाळाचं दूध त्यात तापवलं तर?

नको, आणि याचं उत्तर पुण्यातच सापडलेलं आहे. एकेकाळी दोन-तीन वर्षांच्या मुलांचं पोट फुगायचं, चिडचिड वाढायची, यकृताची कड सुरीसारखी टणक लागायची आणि मूल काही महिन्यांत जायचं. एका घरात दोन-तीन मुलं. भारतीय बालयकृत काठिण्य असं त्याचं नाव. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. शीला भावे, डॉ. आनंद पंडित आणि ब्रिटनचे डॉ. स्टुअर्ट टॅनर यांनी १९८३ मध्ये बोट ठेवलं ते स्वयंपाकघरातल्या पितळी पातेल्यावर. कल्हई नसलेल्या पितळेत गाई-म्हशीचं दूध तापवून तसंच ठेवलं की तांबं दुधातल्या केसीन या प्रथिनाला चिकटतं. पाणी तांब्यात ठेवलं तर थोडंच उतरतं, दूध ते खेचून घेतं. त्यात नवजात यकृतात तांब्याचा साठा आधीच जास्त आणि ते पित्तातून बाहेर टाकायची ताकद कमी. अंगावरचं दूध पिणाऱ्यांना हा आजार फारसा होत नसे. स्टीलची पातेली आली, वरच्या दुधाची घाई कमी झाली, आणि आजार जवळजवळ दिसेनासा झाला.

म्हणून: वर्षाखालच्या बाळासाठी तांब्या-पितळेच्या भांड्यातलं दूध, पाणी, काहीच नाही. मोठ्यांसाठीही त्यात ताक, लिंबू, चिंच नको. कल्हई झिजून खाली पिवळं दिसू लागलं की भांडं शोभेला.

विल्सन आजार तोच का?

नाही. तो जनुकीय, साधारण तीन-चार वर्षांपुढे दिसणारा. तांबं बाहेर टाकणारी यंत्रणाच बिघडलेली असते, भांडं कुठलंही असो. औषध जन्मभर, आणि सख्ख्या भावंडांची तपासणी ती कितीही ठणठणीत असली तरी करायची, कारण प्रत्येकाला चारात एक शक्यता असते.

डॉक्टरांकडे जाताना काय न्यावं?

लसीकरणाचं कार्ड आणि त्यातला वजनाचा तक्ता. दिलेल्या सगळ्या औषधांची पाकिटं, गुटी आणि काढ्यांसकट, लपवाछपवी न करता. शी किंवा उलटीचा फोटो, खिडकीशी, फ्लॅश बंद ठेवून, शेजारी पांढरा कागद धरून काढलेला. आणि जमलं तर तोच लंगोट, पिशवीत बांधून.